थांबाबाई आणि अठरा सेकंदांचं माप

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि ते तिथंच राहिलं. बाकी सगळा दवाखाना तिला थांबाबाई म्हणे. सव्वीस वर्षं काचेमागच्या खोलीत बसून, माइकला तोंड लावून ती दिवसातून शंभरदा एकच पाढा म्हणत आली होती. "श्वास घ्या. सोडा. घ्या. आता थांबा." रोगी यंत्राच्या नळीत, आणि थांबाबाई काचेच्या अलीकडं. तोंडाला सवयच जडली. घरी दूध उतू जायला लागलं की आधी तिच्या तोंडून "थांबा" निघे, मग हात हलायचा. नवरा म्हणायचा, "दूध तेवढं ऐकत नाही. बाकी घरातले सगळे ऐकतात."

आता तुम्ही म्हणाल, श्वास थांबवायला सांगणं हे काय काम झालं? तर ऐका. लिव्हर हा आपल्या पोटातला मोठा आळशी गडी, उजव्या बरगड्यांखाली पसरून पडलेला. पण आपण श्वास घेतला की तो खाली सरकतो, सोडला की वर. एमआरआयचं यंत्र फोटो काढतं सावकाश, एकेका फोटोला अठरा सेकंद. तेवढ्यात लिव्हर हललं की फोटोचा चिखल. मग त्या चिखलातून रोग कुठवर गेलाय ते डॉक्टरानं कसं शोधायचं? म्हणून माणसाला अठरा सेकंद मढ्यासारखं पडायला सांगायचं. एवढंच मागणं. आणि एवढंही माणसाला जमत नाही.

थांबाबाईचं माणसांविषयीचं मत या अठरा सेकंदांनी घडवलेलं होतं, त्यामुळं ते फार वाईट होतं. रोग्याच्या पोटावर ती एक रबरी फुगा ठेवायची आणि वरून पट्टा आवळायची. पोट हललं की फुगा दबे आणि तिच्या पडद्यावर लाट उठे. थांबलेल्या श्वासाची रेघ पाटीवर पट्टीनं मारल्यासारखी सरळ यायला हवी. येते कोणाची? दहांत तिघांची. बाकीचे चोर. कोणी मांजरानं दूध प्यावं तसा नाकातून गुपचूप घोट घेतो. कोणी "थांबा" म्हटल्यावर विचारतो, "थांबू का?" आणि विचारण्यातच सगळा श्वास घालवतो. एका प्राध्यापकांनी तर नळीतूनच तिला समजावलं, की शास्त्र पाहता श्वास पूर्णपणे थांबत नसतोच.

"बरोबर आहे सर," ती माइकमधून म्हणाली. "तुमचा तर तोंडावाटेच चाललाय."

आणि बाहेर आल्यावर सगळ्यांचं एकच पालुपद. "मी अगदी गच्च धरला होता हो." थांबाबाई मान डोलवायची. माणूस तोंडानं खोटं बोलतो, डोळ्यांनीही बोलतो, पण पोटानं खोटं बोलता येत नाही, हे तिचं सव्वीस वर्षांचं शास्त्र.

तिच्या जोडीला दुसरा एक तंत्रज्ञ होता. एक रोगी नळीत असतानाच हा दारातून दुसऱ्याला हाक मारायचा, "पुढचा." म्हणून त्याचं नावच पुढचा पडलं. श्वासाच्या रेघेकडं तो बघत नसे. जिथं वीस मिनिटं थांबायचं तिथं तो दहात उरकायचा, आणि वरचे लोक त्याची पाठ थोपटायचे, कारण त्याच्या पाळीत रोगी दुप्पट होत. थांबाबाई म्हणायची, "याला शवागारात नेमा. तिथं कोणी हलत नाही, आणि कोणी तक्रारही करत नाही."

पण माणसांतला सगळ्यात मोठा चोर तिच्या घरचाच जावई होता. नणंदेचा नवरा. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाला. घरात त्यांना मागं सगळे 'मीच' म्हणत, कारण त्यांचं वाक्य त्या शब्दाशिवाय उभंच राहत नसे. "मीच पकडला त्याला, लिटरच्या मापाला तळात पोचा होता." "मीच सांगितलं साहेबांना, असं चालायचं नाही." तीस वर्षं पितळी वजनांची मखमली पेटी काखोटीला मारून दुकानोदुकानी हिंडले. कोणाचा तराजू झुकतोय, कोणाचं माप कमी भरतंय, ते हुडकायचं. दुसऱ्याचं रतीभर चुकलेलं त्यांना लांबून दिसे. स्वतःचं माप मात्र त्यांनी कधी कोणाला घेऊ दिलं नाही. बोलायला लागले की हनुवटी वर, छाती पुढं, आणि गळ्याखाली बेडकासारखी फुगवटी.

थांबाबाईला ते 'फोटोवाल्या वहिनी' म्हणत. "काय वहिनी, फोटो काढताना हसा म्हणता की नाही रोग्यांना?" हा विनोद त्यांनी सव्वीस वर्षं चालवला. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसायचे, आणि दुसरं कोणी हसतंय का हे बघायचे. कोणी हसलं नाही तर परत सांगायचे.

वन्संचं, म्हणजे नणंदेचं, अगदी उलटं. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासमोर तिच्या तोंडून 'हो' आणि 'वाढू का' याखेरीज तिसरं काही कोणी ऐकलं नव्हतं. पण थांबाबाई तिच्यासाठी आगीत हात घालायला तयार होती, आणि त्याला कारण होतं. थांबाबाईनं लग्नानंतर हे यंत्राचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा पोर पाळण्यात होतं. मीच छाती काढून म्हणाले होते, "बाईमाणसाला यंत्र कशाला? घरात शिवणयंत्र आहे ना." वन्सं म्हणाली, "हो." आणि दुसऱ्या दिवशी पाळणा उचलून आपल्या घरी घेऊन गेली. दोन वर्षं तिनं ते पोर वाढवलं. मीचांना कळायला महिना लागला. स्वतःच्या आवाजापुढं रडणारं पोर त्यांना ऐकू आलं नसावं.

तर यंदा मीचांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. लिंबाएवढी, आणि वाईटापैकी. पहिले चार दिवस माणूस गप्प होता. पाचव्या दिवशी त्यातही त्यांना मोठेपण सापडलं. "डॉक्टर म्हणाले, इतकी गोल गाठ क्वचितच बघायला मिळते." डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

गाठ कापून काढायची हे ठरलं. पण किती कापायचं, हा खरा पेच होता. असं बघा, बांधावरचं तण उपटताना वरचा झुपका दिसतो, मुळं दिसत नाहीत. काही गाठी नुसता झुपका असतात. काहींची मुळं लिव्हरमधल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांत शिरलेली असतात, आणि ती एमआरआयलाही दिसत नाहीत. कापून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घातला की मग दिसतात. म्हणजे बैल गेला नि झोपा केला. तोवर उरलेली मुळं आत राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत परत फुटतात. म्हणून कापायच्या आधी फोटोवरून चाहूल घ्यायची. गाठीची कड गुळगुळीत आहे की कुरतडलेली? आणि एक औषध टोचून वीस मिनिटं थांबलं की निरोगी लिव्हर ते औषध पिऊन पांढरं होतं आणि गाठ काळी राहते. तर त्या काळ्याच्या भोवती धुरकट डाग पसरलाय का? पसरला असेल तर मुळं सुटली असं धरायचं आणि दोन बोटं जास्त कापायचं. नसेल तर बारीक कापायचं.

मग सरसकट जास्तच का कापत नाहीत? कारण उरलेल्या लिव्हरवर माणसाला जगायचं असतं, आणि मीचांचं उरलेलंही काही ताजं नव्हतं.

ही चाहूल घ्यायला दवाखान्यात नुकतीच एक संगणकाची प्रणाली आली होती. तिच्यात फोटो घातले की मुळं सुटली असण्याची शक्यता टक्क्यांत सांगायची. विभागाच्या मोठ्या साहेबांना तिचं नव्या सुनेसारखं कौतुक. येईल त्याला खुर्चीवर बसवून दाखवायचे. थांबाबाई तिला भाकीतपेटी म्हणे. पेटीवर तिचा राग नव्हता. राग होता तो पेटी आल्यापासून फोटोकडं बघायचं सोडून दिलेल्या माणसांवर.

आता इथं थांबाबाईनं जे केलं ते तिनं पुढं कोणाला आपण होऊन सांगितलं नाही. मीचांची तपासणी खरं तर तिच्या पाळीत येत होती. पण दोन तास त्या माणसाला ऐकायचं, आणि वर 'हसा म्हणता की नाही', हे तिला नको होतं. तिनं शुक्रवारच्या यादीत त्यांचं नाव सरकवलं. पुढच्याच्या पाळीत. "मला घरचं काम आहे," म्हणाली, आणि घरी जाऊन खरोखर डबे घासत बसली.

सोमवारी दुपारी वन्सं दवाखान्यात आली, पिशवीत अहवाल घेऊन. शस्त्रक्रिया गुरुवारी होती.

"वहिनी, चौदा टक्के आलंय. म्हणजे चांगलं ना? हे म्हणतात, मीच श्वास असा धरला की तो माणूस बघतच राहिला."

थांबाबाईनं पडद्यावर फोटो उघडले आणि तिचा चहा तसाच राहिला. घाईत छापलेल्या वर्तमानपत्रात चित्राला दोन-दोन कडा येतात ना, तसं लिव्हर दिसत होतं. दोन कडा, आणि त्यांच्या मधल्या धूसरात गाठ. गुळगुळीत, गोल. धुक्यात बघितलं तर निवडुंगही गोल दिसतो. वीस मिनिटांचा फोटो दहाव्याच मिनिटाला काढलेला. लिव्हर धड पांढरंही झालं नव्हतं, तर त्यावर डाग दिसणार कुठून? मग तिनं श्वासाची रेघ काढून पाहिली. चढाला एकदम डोंगर, आणि तिथून सावकाश उतार, पंक्चर झालेल्या चाकासारखा. माणसानं छाती फुगवून भरपूर हवा घेतली होती आणि अठरा सेकंद ती हळूहळू सोडत राहिला होता. वर पुन्हा मीच.

पुढच्यानं लबाडी केली होती, मीचांनी केली होती. पण यादी कोणी सरकवली? थांबाबाईला आपलीच चीड आली. सव्वीस वर्षं जगाच्या चोऱ्या पकडल्या, आणि पहिली मोठी चोरी केली ती स्वतः.

ती तडक मोठ्या साहेबांकडं गेली. साहेब पेटीवरच्या भाषणाची तयारी करत होते.

"सर, हा रोगी हललाय. फोटो परत काढायला हवेत."

साहेबांनी चष्मा न लावताच पाहिलं. "पेटी चौदा म्हणते."

"पेटीला जे दाखवलं त्यावरून म्हणते. गढूळ पाण्यात तोंड बघितलं तर माझ्याही चेहऱ्यावर एक सुरकुती दिसायची नाही."

"बाई, त्या प्रणालीनं हजारो लिव्हरं बघितलीत."

"मी पण बघितलीत सर. मला मधे जेवायला लागतं, एवढाच फरक."

"तुम्ही फोटो काढायचा. अर्थ लावायचं काम आमचं."

"तेच म्हणायला आले. लावा ना."

साहेबांनी हसून संगणकाकडं तोंड फिरवलं. त्यांच्या भाषणात ही शंभरावी गाठ होती. शंभर हा आकडा त्यांना शोभून दिसत होता, त्यात मधेच चिखल कोण कालवणार? थांबाबाईनं मनात म्हटलं, याच्या डोक्याचाही एकदा फोटो काढला पाहिजे, निदान हलायचं तरी काही नाही. आणि ती दोन मजले चढून, गुरुवारी कापणार होत्या त्या सर्जनबाईंकडं गेली.

सर्जनबाई बुटक्या, तुटक बोलणाऱ्या, आणि त्या वेळी सफरचंद खात उभ्या. त्यांनी फोटो बघितला आणि चावणं थांबवलं.

"चौदा असेल तर मी बोटभर जास्त कापणार नाही. झेपायचं नाही त्याला. खात्री आहे तुमची?"

"फोटो वाईट आहे याची खात्री आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही."

"हे बरं बोललात. इथं सगळ्यांना सगळं माहीत असतं." त्यांनी सफरचंदाचा देठ टोपलीत टाकला. "उद्या सकाळी परत काढा. वीस मिनिटं म्हणजे वीस. साहेबांना मी बघते."

मंगळवारी सकाळी मीच आले ते वरातीच्या थाटात. यंत्र म्हणजे भलं मोठं लोहचुंबक, तरी हातातली अंगठी काढायला नको, घड्याळ काढायला नको, पट्टा काढायला नको. "मागच्या वेळी तर..." "मागच्या वेळचं मागं," थांबाबाई म्हणाली. सगळा ऐवज बाहेर बाकावर बसलेल्या वन्संच्या ओटीत पडला. नळीत सरकताना त्यांचं चालूच होतं. "वहिनी, मागच्या वेळी मीच श्वास असा धरला ना, की तुमचा तो गडी थक्क झाला. परत कशाला बोलावलं? यंत्र बिघडलं असणार. तपासता का दरवर्षी?"

थांबाबाईनं पोटावर पट्टा आवळला, नेहमीपेक्षा एक भोक जास्त.

औषध टोचलं. ते लिव्हरमध्ये पहिल्यांदा पोचतं तो क्षण एकदाच येतो, गाडी सुटली की सुटली. "घ्या. सोडा. घ्या. आता थांबा." पडद्यावर डोंगर उभा राहिला. छाती अशी फुगली की नळीला चिकटते की काय. आणि सहाव्या सेकंदाला उतार. सात, आठ, नऊ, रेघ आपली घरंगळतेय. गाडी सुटली.

"भाऊजी," ती माइकमधून म्हणाली, "माप कमी भरलं."

"काय म्हणता?"

"अठरा सेकंद मागितले, सहा दिले."

"अशक्य. तुमच्या यंत्राला प्रमाणपत्र आहे का? शेवटची तपासणी कोणी केली, सही बघू."

"भाऊजी, भरलेला श्वास तुमच्याकडून गळतो. आता सगळा बाहेर सोडायचा, आणि रिकाम्या छातीनं थांबायचं. रिकाम्यातून गळायला काही नसतं."

"रिकाम्या छातीनं? श्वास भरून धरतात वहिनी. शाळेत असताना मीच विहिरीत..."

त्यांची विहीर दोन मिनिटं चालली. आता उरला होता एकच फोटो, विसाव्या मिनिटाचा. तो गेला तर गुरुवारी सर्जनबाई चिखल बघून कापणार, आणि मुळं आत राहिली असतील तर वन्संच्या ओटीत ते घड्याळ नि ती अंगठी कायमची राहणार. थांबाबाईला हे अगदी स्वच्छ दिसत होतं. तिनं दोनदा सराव करून घेतला. पहिल्यांदा त्यांनी सोडायच्या वेळी घेतला. दुसऱ्यांदा अर्धा सोडला आणि विचारलं, "असा का?"

अकराव्या मिनिटाला त्यांनी, अडचण आली तर दाबायला हातात दिलेला घंटेचा फुगा दाबला. घंटा वाजली. "पाठ दुखतेय. काढा मला. मीच वर तक्रार करतो." दारातून पुढच्यानं डोकं घातलं. "बाई, दहा झाली की. उरका, पुढचा ताटकळलाय."

"पुढच्याला सांग, मागच्याचं अजून झालं नाही."

बारा. तेरा. थांबाबाईला एक गोष्ट उमगली, आणि ती फार अपमानाची होती. सव्वीस वर्षं ज्या आवाजावर परकी माणसं थांबली, तो आवाज या माणसाच्या लेखी फोटोवाल्या वहिनीचा होता. तिनं आणखी शंभरदा थांबा म्हटलं असतं, तरी त्यांनी शंभरदा प्रमाणपत्र मागितलं असतं. ती उठली आणि दार उघडलं.

"वन्सं, आत या."

"मी?" वन्सं ओटीतला ऐवज सावरत उठली. "मी काय करू आत?"

"त्यांना गप्प करा."

"मी?"

"अठरा सेकंद. जास्त नको."

वन्सं काचेसमोर उभी राहिली. समोर नळीतून फक्त मोजे घातलेले दोन पाय दिसत होते. पायांचे अंगठेसुद्धा तावातावानं हलत होते. थांबाबाईनं तिला खुर्चीत बसवलं, माइक तिच्याकडं वळवला आणि काय म्हणायचं ते कानात सांगितलं. घड्याळात वीस झाली. तिनं कळ दाबली.

"अहो," वन्सं म्हणाली.

"कोण? तू? तुला आत कोणी सोडलं? वहिनी, हे नियमात..."

"अहो, गप्प बसा."

नळीतले अंगठे थांबले. दारात उभ्या असलेल्या पुढच्याच्या तोंडाचा आ झाला.

"श्वास सोडा," वन्सं म्हणाली. आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "सगळा सोडा. अजून आहे. अजून. मला माहितीय अजून आहे. सोडा म्हणते ना. आता थांबा."

यंत्र धडधडायला लागलं. थांबाबाईची नजर रेघेवर. रेघ खाली आली, तळाला टेकली, आणि पसरली. सरळ. पाटीवर पट्टीनं मारल्यासारखी. सात. आठ. वन्संनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता, तिनंही श्वास सोडून ठेवला होता. बारा. थांबाबाईनं आयुष्यात हजारो रेघा पाहिल्या, पण हिच्याइतकी मनापासून कोणतीच पाहिली नव्हती. पंधरा. सतरा. अठरा.

"घ्या," दोघी एकदमच म्हणाल्या.

नळीतून बऱ्याच वेळानं आवाज आला, "झालं?" एवढाच. पुढं मागं मीच नाही.

पडद्यावर फोटो उमटला. लिव्हर दुधासारखं पांढरं, आणि त्यात काळी गाठ. गोलबिल काही नव्हती. एका अंगाला उंदरानं कुरतडलेल्या वहीसारखी कड, आणि त्या कडेच्या बाहेर, पांढऱ्यात, चुलीच्या भिंतीवर चढतो तसा धुराचा डाग.

वन्सं बघत होती. "वाईट आहे?"

अर्थ लावायचं काम थांबाबाईचं नव्हतं. पण पाळणा उचलून नेणाऱ्या बाईशी खोटं बोलायचं कामही तिचं नव्हतं.

"बरं दिसत नाही, वन्सं. पण दिसलंय. दिसलेल्या वाईटाला हात घालता येतो."

त्याच दुपारी पेटीत नवे फोटो गेले आणि पेटी म्हणाली, एकाहत्तर. मोठे साहेब धावत आले. "बघा, आपल्या प्रणालीनं कसं अचूक ओळखलं." भाषणात त्यांनी ही गाठ शंभरावी म्हणूनच ठेवली, फक्त आकडा बदलला. चौदाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, आणि वन्संचं नाव आभारात नव्हतं. लबाड माणूस नि मांजर, कसंही फेका, पायांवरच पडतं.

गुरुवारी सर्जनबाईंनी दोन बोटं जास्त कापलं. साडेपाच तास लागले. नंतरचे आठ दिवस कठीण गेले. अंग पिवळं पडलं, आवाज बसला. वन्सं खाटेजवळून हलली नाही. दहाव्या दिवशी तुकड्याचा अहवाल आला. गाठीपासून अर्ध्या बोटावर, बारीक रक्तवाहिन्यांत पेशी सापडल्या होत्या. त्यापलीकडं, कापलेल्या कडेला, काही नाही. बारीक कापलं असतं तर मुळं आतच राहिली असती. सर्जनबाईंनी फोनवर थांबाबाईला एवढंच सांगितलं, "कड स्वच्छ आहे. फोटो बरा होता." त्यांच्या तोंडी हे म्हणजे सत्कारच. थांबाबाईनं फोन ठेवला आणि स्वच्छतागृहात जाऊन पाच मिनिटं बसली. मग बाहेर येऊन तिनं पुढच्याला सांगितलं की शुक्रवारची ती यादी मी सरकवली होती, माझी चूक, पण यापुढं दहा मिनिटांत उरकलेला एकही फोटो दिसला तर यंत्रात मी तुलाच घालीन, अंगठीसकट.

लिव्हर कापलं तरी उरलेलं परत वाढतं. माणसाच्या अंगात एवढाच एक अवयव शहाणा. पण त्याच्यासोबत बाकीचंही वाढतं त्याला कोण काय करणार? मीचांचा रंग परत आला, छाती परत पुढं आली, आवाज सुटला. महिन्याभरात नातेवाइकांत गोष्ट अशी फिरू लागली की डॉक्टर चुकले होते, यंत्र बिघडलं होतं, आणि मीच, रिकाम्या छातीनं, अठरा सेकंद. हळूहळू त्याची पंचवीस झाली. दुसऱ्याचं माप कमी भरलं की पकडणाऱ्या माणसाचं स्वतःचं माप असं दर आठवड्याला वाढत गेलं. वन्सं ऐकायची आणि म्हणायची, "हो." मात्र गोष्ट चाळिशीकडं निघाली की ती नुसतं "अहो" म्हणायची, आणि ते पाणी प्यायला उठायचे.

सहा महिन्यांनी फेरतपासणीला आले. या वेळी यादीत त्यांचं नाव थांबाबाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. वन्सं न सांगता माइकपाशी येऊन बसली, दोन शब्द बोलली, रेघ सरळ आली. लिव्हर पांढरंशुभ्र, डाग नाही, काळं नाही. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. थांबाबाईचा हात वन्संच्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला.

मीच कपडे करून बाहेर गेले. बाकावर पाच जण आपल्या पाळीची वाट बघत होते, घाबरलेले, पोटावर हात ठेवून. काचेमागून थांबाबाईला आवाज ऐकू आला.

"घाबरायचं नाही. मीच सांगतो कसा धरायचा ते. छाती अशी फुगवायची. अशी. सगळे माझ्यासोबत. आणि मग हळूहळू सोडत राहायचं, कोणाला कळत नाही."

थांबाबाई दार उघडून धावली, पण तोवर पाचही जण फुगले होते. त्या दिवशी पाचांचेही फोटो दोन-दोनदा काढावे लागले.

"वहिनी," जाता जाता मीच दारातून म्हणाले, "फोटो काढताना हसा म्हणता की नाही?"

"अहो," वन्सं म्हणाली.

ते गप्प झाले. थांबाबाईनं सवयीनं घड्याळाकडं पाहिलं. अकरा सेकंद. मग बाहेरून पुन्हा "मीच" ऐकू आलं.